फ्लोरिडात रेस्टॉरंटची इमारत घेण्याआधी विम्याचं हे गणित मांडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं न्यू जर्सीत राहता. फ्लोरिडाच्या पिनेलस काउंटीत, सेंट पीटर्सबर्गजवळ, एक चालू रेस्टॉरंट इमारतीसकट विकायला आहे. तिथे भारतीय जेवण आणि केटरिंग सुरू करायचा विचार आहे. विकणारा सध्या विम्याला जितके पैसे भरतो त्याच्या दुपटीहून मोठं कोटेशन तुमच्या हातात आलंय. कायद्याने नेमके कोणते विमे लागतात, आणि एकूण खर्च किती धरायचा?

मी टँपा बे परिसरात बरीच वर्षं व्यावसायिक विम्याचं काम करतो. सगळ्यात आधी एक सांगतो: प्रीमियम हा खर्चाचा निम्मा हिशेब आहे. वादळानंतर विमा कंपनी जे देणार नाही आणि जे तुमच्या खिशातून जाईल, तो उरलेला निम्मा. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा पहिला आकडा खाली आणतं आणि दुसरा वर नेतं. दोन्ही आकडे एका कागदावर आल्याशिवाय ही इमारत परवडते की नाही हे कळणार नाही, आणि तो कागद सौद्यावर सही करण्याआधी तयार व्हायला हवा.

कायद्याचा भाग आधी उरकून घेऊ, कारण तो लवकर संपतो.

तुमच्यासारख्या व्यवसायाला राज्य सक्तीने घ्यायला लावतं तो मुख्य विमा म्हणजे वर्कर्स कॉम्पेन्सेशन, कामावर इजा झालेल्या माणसासाठीचा विमा. न्यू जर्सीत एक माणूस कामाला ठेवला तरी तो लागतो. फ्लोरिडात बांधकाम व्यवसायाला एका माणसापासून लागतो, शेतीचे नियम वेगळे आहेत, आणि बाकीच्यांना चार माणसांपासून. या चारांत अर्धवेळ वेटरही मोजला जातो. कंपनी कॉर्पोरेशन म्हणून नोंदवली तर पदाधिकारी म्हणून तुम्ही दोघंही मोजले जाता. म्हणजे एक आचारी आणि एक भांडी घासणारा आला की चार झाले. पदाधिकाऱ्यांना राज्याकडे अर्ज करून सूट घेता येते. मात्र सूट घेतल्यावर तुमचाच हात फ्रायरमध्ये भाजला तर या पॉलिसीतून काहीही मिळत नाही. तुम्ही स्वतः स्वयंपाकघरात उभ्या राहणार असाल तर माझ्या मते सूट घेऊ नये.

या विम्याचा दर पगाराच्या दर १०० डॉलरमागे, कामाच्या वर्गानुसार ठरतो. फ्लोरिडात हा दर राज्य मंजूर करतं आणि सगळ्या कंपन्यांना तोच लावावा लागतो. त्यामुळे पाच ठिकाणी भाव करण्यात वेळ घालवू नका. क्लेम कोण नीट हाताळतं ते विचारा. गेली अनेक वर्षं हे दर उतरत आले आहेत, ही इथल्या मालकांसाठी खरोखर चांगली बातमी आहे. विमा न घेता पकडलं गेलं तर राज्याचे तपासनीस काम बंद करण्याचा आदेश दाराला लावतात, आणि जितका प्रीमियम चुकवला त्याच्या दुप्पट दंड होतो. रोखीने पगार देऊन माणसं लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसापासून लांब राहा.

केटरिंगच्या व्हॅनसाठी कायदा १०,००० डॉलरचा पीआयपी (चूक कोणाचीही असो, तुमच्या बाजूच्या उपचारांसाठी) आणि १०,००० डॉलरचं प्रॉपर्टी डॅमेज (समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी) एवढंच मागतो. हे न्यू जर्सीहून येणाऱ्याला फारच थोडं वाटेल, आणि ते थोडंच आहे. समोरच्याला झालेल्या इजेचा विमा इथे सर्वांना सक्तीचा नाही, म्हणून तो नसलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर दिसतात. तुमच्या व्हॅनवर इजेची मोठी मर्यादा घ्या आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्टही घ्या, म्हणजे विमा नसलेल्या गाडीने तुम्हाला ठोकलं तर उपयोगी पडणारा विमा. तुमचा पोऱ्या स्वतःच्या गाडीतून डबे पोचवणार असेल तर हायर्ड अँड नॉन-ओन्ड ऑटो हे कलम पॉलिसीत असायलाच हवं.

जनरल लायबिलिटी, म्हणजे कोणी ओल्या फरशीवर घसरलं, कोणाला जेवणातून विषबाधा झाली यासाठीचा विमा, रेस्टॉरंटला राज्य मागत नाही. पण बँक मागते, आणि ज्या हॉलमध्ये लग्नाचं केटरिंग कराल तो हॉलही मागतो. साधारण एका घटनेला १० लाख डॉलर आणि वर्षाला २० लाख, असं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. बिअर-वाइन ठेवणार असाल तर लिकर लायबिलिटी वेगळी घ्यावी लागेल, कारण दारू विकणाऱ्या धंद्याला जनरल लायबिलिटीत ते वगळलेलं असतं. फ्लोरिडाचा कायदा याबाबतीत विक्रेत्याला बराच सांभाळून घेतो: अल्पवयीन माणसाला किंवा दारूचं व्यसन असल्याचं माहीत असलेल्या माणसाला दिली तरच त्याच्यावर जबाबदारी येते. तरी खटला भरला गेला की वकिलाचं बिल सुरू होतंच, आणि विमा आधी त्या बिलासाठी उपयोगी पडतो.

एवढ्यावर कायदा थांबतो. इमारतीचा विमा घ्या असं राज्य तुम्हाला सांगत नाही. ते सांगते बँक, आणि पुराचा विमा संघराज्याचा कायदा बँकेमार्फत सांगतो: फेमा या संघराज्याच्या आपत्ती संस्थेच्या पूरनकाशात इमारत ए किंवा व्ही या अक्षराने सुरू होणाऱ्या क्षेत्रात असेल आणि कर्ज नियंत्रित बँकेकडून घेतलं असेल, तर पुराचा विमा घ्यावाच लागतो. रोखीने घेतलीत तर कोणीच काही मागणार नाही. विकणाऱ्याचा आकडा इतका लहान कसा, याचं उत्तर बरेचदा इथेच मिळतं. त्याचं कर्ज फिटलेलं असतं, पुराचा विमा त्याने सोडून दिलेला असतो, आणि इमारतीची रक्कम दहा वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चावर थांबलेली असते. त्याची पॉलिसी मागून पाहा. आकडा पाहू नका, मर्यादा आणि डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतली तुम्ही आधी स्वतः सोसायची रक्कम, पाहा.

आता मुख्य मुद्दा. फ्लोरिडात वारा आणि पाणी हे दोन वेगळे विमे आहेत, बहुधा दोन वेगळ्या कंपन्यांचे. तुम्ही निवडलेल्या काउंटीने २०२४ च्या शरदात या फरकाचा पुरता अनुभव घेतला. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन हे वादळ जमिनीला लागलं ते इथून बरंच उत्तरेला, पेरी गावाजवळ. पिनेलसमध्ये छपरं फारशी उडाली नाहीत. पण वादळ जाता जाता मेक्सिकोच्या आखाताचं पाणी किनाऱ्यावर ढकलून गेलं, आणि टँपा बेच्या काठाने कित्येक दशकांत न पाहिलेला सर्ज, म्हणजे समुद्राच्या पाण्याचा लोंढा, आला. बेटांवरच्या आणि सखल भागातल्या दुकानांत खारं पाणी शिरलं. ज्यांच्याकडे फक्त वाऱ्याचा विमा होता त्यांना त्यातून काही मिळालं नाही, कारण सर्ज हा पॉलिसीच्या भाषेत पूर आहे, मग तो कितीही जोराच्या वाऱ्याने आणलेला असो.

त्यानंतर १३ दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन सारासोटाजवळ सिएस्टा की इथे आलं. हेलीनने भिजवलेले सोफे, गाद्या आणि प्लास्टरबोर्ड अजून रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडले होते. या वेळी टँपा बेमध्ये उलटं झालं: वाऱ्याने खाडीतलं पाणी बाहेर ओढलं, सर्ज आलाच नाही, पण ट्रॉपिकाना फील्ड या स्टेडियमचं छत फाटून गेलं आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये एका दिवसात १८ इंचांहून जास्त पाऊस पडला. त्या पावसाचं पाणी नकाशावर पूरक्षेत्रात नसलेल्या वस्त्यांतही साचलं. ज्यांच्याकडे फक्त पुराचा विमा होता त्यांना उडालेल्या छपरांचे पैसे मिळाले नाहीत. दोन आठवड्यांत एकाच गावात दोन्ही प्रकार झाले, म्हणून हे उदाहरण मी प्रत्येक नव्या ग्राहकाला देतो. एक विमा घेऊन दुसरा नशिबावर सोडता येत नाही.

इथे एक गल्लत फार जण करतात. इव्हॅक्युएशन झोन आणि फ्लड झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटी ए पासून ई पर्यंत जे झोन जाहीर करते ते सर्ज आला तर कोणी आधी घर सोडायचं यासाठी. विम्याचा आणि कर्जाचा संबंध फेमाच्या नकाशाशी असतो, तिथे एई, व्हीई, एक्स अशी अक्षरं असतात. दलालाने ‘ही जागा झोन ए मध्ये नाही’ म्हटलं तर तो कोणत्या नकाशाबद्दल बोलतोय ते विचारा. आणि एक्स क्षेत्र आहे म्हणून पूर येत नाही, असा अर्थ काढू नका. तिथे बँक मागत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

पुराचा विमा बहुतेक जण एनएफआयपी या संघराज्याच्या योजनेतून घेतात. व्यावसायिक इमारतीला त्यात जास्तीत जास्त ५ लाख डॉलर आणि आतल्या सामानाला ५ लाख डॉलर मिळतात. या आकड्यांमागचे दोन खाचखळगे समजून घ्या. पहिला, व्यावसायिक मालमत्तेला ही योजना घसारा वजा करून पैसे देते. आठ वर्षं वापरलेला वॉक-इन कूलर पाण्यात गेला तर नव्याची किंमत नाही, आठ वर्षं जुन्याची किंमत मिळेल. दुसरा, धंदा बंद राहिल्याचे पैसे ती देतच नाही. खारं पाणी शिरलेलं स्वयंपाकघर पुन्हा उभं करून, आरोग्य तपासणी होऊन, दार उघडायला महिने जातात. तोवरचे हप्ते आणि आचाऱ्याचा पगार तुमच्याकडून. खासगी कंपन्यांच्या पूर पॉलिसीत बुडालेलं उत्पन्न समाविष्ट करून मिळतं आणि मर्यादाही जास्त मिळते. तुम्हाला मी दोन्हींचे कोट शेजारी ठेवून पाहायला सांगेन. आणखी एक उपयोगी गोष्ट: विकणाऱ्याकडे एनएफआयपीची पॉलिसी चालू असेल तर ती विक्रीबरोबर तुमच्या नावावर करून घेता येते. २०२१ पासून या योजनेचा दर ठरवायची पद्धत बदलली, आणि जुन्या ग्राहकांना नव्या पूर्ण दरापर्यंत दरवर्षी थोडं थोडं नेलं जातं. ती सवलत पॉलिसीबरोबर तुमच्याकडे येते. नवी पॉलिसी काढलीत तर पहिल्या दिवसापासून पूर्ण दर.

वाऱ्याच्या बाजूला या. इथे सगळा खेळ डिडक्टिबलचा आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लोकांचा गैरसमज याच एका ठिकाणी असतो. आगीला किंवा चोरीला डिडक्टिबल ठरावीक डॉलरमध्ये असतं, २,५०० किंवा ५,०००. वादळाला ते टक्क्यांत असतं, आणि तो टक्का नुकसानीचा नसून विम्याच्या रकमेचा असतो. तुमच्यासारखी इमारत धरू. पुन्हा बांधायचा खर्च १२ लाख डॉलर, आतलं सामान ३ लाख, आणि वर्षभराचं बुडणारं उत्पन्न ३ लाख. एकूण १८ लाख. पाच टक्के डिडक्टिबल या सगळ्यावर लागलं तर ९०,००० डॉलर. वादळात छताचं ७०,००० डॉलरचं नुकसान झालं तर कंपनीकडून शून्य. दोन टक्के घेतले तर हेच ३६,००० होतात आणि ३४,००० हातात येतात. म्हणून दोन कोटांमध्ये वर्षाला आठ-दहा हजारांचा फरक दिसला की आधी डिडक्टिबल शेजारी मांडा. पाचाऐवजी दोन टक्के घेण्यात ५४,००० डॉलरची जोखीम तुम्ही कंपनीला देता. तिची किंमत किती मागितली जातेय ते पाहून ठरवा. कधी कधी पाच टक्केच घेऊन मधली रक्कम भरून देणारी वेगळी ‘बाय-बॅक’ पॉलिसी स्वस्त पडते.

टक्क्याशेजारी कोणता शब्द लिहिलाय तोही वाचा. ‘हरिकेन’ डिडक्टिबल हरिकेन जाहीर झालं तरच लागतं. ‘नेम्ड स्टॉर्म’ म्हटलं असेल तर नाव दिलेल्या साध्या ट्रॉपिकल स्टॉर्मलाही लागतं. ‘विंड अँड हेल’ म्हटलं असेल तर मे महिन्यातल्या दुपारच्या गडगडाटी वादळालाही तेच पाच टक्के. आणि एका हंगामात दोन वादळं आली तर डिडक्टिबल वर्षातून एकदा की प्रत्येक वादळाला, हेही विचारा. घरांच्या विम्याला कायद्याने वर्षाचा हिशेब दिलेला आहे. व्यावसायिक पॉलिसीत जे लिहिलं असेल ते खरं.

पावसाबद्दलची अट तर बहुतेकांना क्लेमच्या वेळीच कळते. वाऱ्याने आधी छताला किंवा भिंतीला भोक पाडलं आणि त्यातून पाऊस आत आला, तर आतलं नुकसान मिळतं. जुन्या छताच्या फटींतून, दाराखालून पाणी आलं तर नाही. म्हणून वादळाच्या आधी, कोरड्या दिवशी, छताचे तारखेसकट फोटो काढून ठेवणं हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

इमारतीची रक्कम कमी लावून प्रीमियम वाचवण्याचा मोह होईल. त्यावर कंपन्यांनी कोइन्शुरन्सचं कलम ठेवलेलं असतं. समजा इमारत बांधायला खरोखर १५ लाख लागतात आणि पॉलिसीत ८० टक्क्यांची अट आहे. म्हणजे निदान १२ लाखांचा विमा हवा. तुम्ही ९ लाखांचाच घेतला, तर गरजेच्या तीन चतुर्थांश झाला, आणि ४ लाखांच्या नुकसानीतले ३ लाखच धरले जातील. त्यातून पुन्हा डिडक्टिबल वजा. खरेदीची किंमत, कर आकारणीची किंमत आणि बांधकामाचा खर्च हे तीन आकडे वेगळे असतात. विम्याला तिसरा लागतो. ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ मिळत असेल तर ती घ्या, मग हे कलम लागत नाही.

जुनी इमारत असेल तर ऑर्डिनन्स ऑर लॉ या कव्हरेजवर, म्हणजे दुरुस्ती आजच्या नियमांत बसवण्याचा वाढीव खर्च देणाऱ्या कलमावर, पैसे वाचवू नका. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेचा भाग उद्ध्वस्त केला, अनेक विमा कंपन्या बुडाल्या, आणि त्यातून शेवटी २००२ मध्ये पूर्ण राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. त्याआधीची इमारत दुरुस्त करताना आजचा नियम पाळावा लागतो, आणि साधी पॉलिसी जुनं होतं तसं करून देण्याचे पैसे देते. छताचा नियम पाहा: वर्षभरात छताच्या एका भागाचं २५ टक्क्यांहून जास्त नुकसान झालं तर तो पूर्ण भाग नव्या संहितेप्रमाणे करावा लागतो. २०२२ च्या बदलानंतर, २००७ च्या किंवा त्यानंतरच्या संहितेप्रमाणे बांधलेल्या छताला फक्त मोडलेलाच भाग करून चालतो. त्यामुळे छत कोणत्या परमिटवर झालंय याचा कागद हा पैशाचा कागद आहे. विकणाऱ्याकडून तो घ्या. पूरक्षेत्रात याहून कडक नियम आहे. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की पूर्ण इमारत आजच्या पूरनियमांत बसवावी लागते: उंच उचला, किंवा व्यावसायिक असेल तर ए क्षेत्रात पाणी आत येणार नाही अशी बंदिस्त करा. या बाजारभावात जमिनीची किंमत धरत नाहीत. एनएफआयपी या कामाला जास्तीत जास्त ३०,००० डॉलर देते. काँक्रीट ब्लॉकच्या जुन्या इमारतीला ते कुठेच पुरत नाहीत.

उत्पन्नाच्या विम्याबद्दल थोडं. तो मिळायला तुमच्याच मालमत्तेचं, विमा असलेल्या कारणाने, प्रत्यक्ष नुकसान व्हावं लागतं, आणि पहिले ७२ तास सहसा मोजत नाहीत. नुसती वीज गेली आणि आठ दिवस धंदा बुडाला, फ्रीझरमधलं सगळं फेकावं लागलं, तर त्यासाठी बाहेरच्या वीजपुरवठ्याचं आणि माल खराब होण्याचं अशी दोन जास्तीची कलमं लागतात. वीजवाहिन्या खांबांवरून जात असतील तर ओव्हरहेड लाइन्स वगळलेल्या नाहीत ना, हे पाहा. कित्येक पॉलिसींत त्या वगळलेल्या असतात आणि मग कलम असून नसल्यासारखं होतं. बेटाचा पूल पोलिसांनी बंद ठेवला म्हणून गिऱ्हाईक आलं नाही, यासाठी सिव्हिल ऑथॉरिटी हे तिसरं. रेस्टॉरंटला ही तिन्ही घ्या. रक्कम तुमच्या करपत्रकांवरून काढायची असते. विक्री कमी दाखवलेली असेल तर क्लेमही तितकाच कमी.

आता दर. पत्ता, बांधकाम आणि छत पाहिल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विसंबू नका. दर इमारत-सामान-उत्पन्न यांच्या एकूण रकमेच्या १०० डॉलरमागे येतो. आपल्या १८ लाखांच्या उदाहरणात १ डॉलर दर म्हणजे १८,०००, आणि २ डॉलर म्हणजे ३६,०००. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत इतका फरक सहज पडतो. लाकडी सांगाडा असेल तर महाग, ब्लॉकच्या भिंती आणि लाकडी छत त्याहून बरं, काँक्रीटचं छत सगळ्यात बरं. छत वीस वर्षांचं असेल तर कंपनी नाही म्हणते, किंवा छताला घसाऱ्याने पैसे देईन म्हणते. खिडक्यांना चाचणी झालेली शटर्स किंवा इम्पॅक्ट काच असेल तर दर उतरतो. समुद्रापासूनचं अंतर तर आहेच.

याखेरीज दर लंडन आणि बर्म्युडातही ठरतो, तो असा. अँड्र्यूनंतर १९९३ मध्ये राज्याने हरिकेन कॅटास्ट्रॉफी फंड काढला. तो विमा कंपन्यांना स्वस्तात पुनर्विमा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या जोखमीचा विमा, देतो, पण फक्त निवासी मालमत्तेसाठी. रेस्टॉरंटसारख्या व्यावसायिक इमारतीमागे तो आधार नाही. कंपन्यांना सगळा पुनर्विमा खासगी बाजारातून घ्यावा लागतो, आणि फ्लोरिडातले बरेचसे करार १ जूनला नवे होतात. २०२२ च्या इयान वादळानंतर, २०२३ मध्ये, हा बाजार इतका आखडला होता की चांगल्या इमारतींनाही पूर्ण रकमेचा वाऱ्याचा विमा मिळेना. पुढच्या काळात, विशेषतः २०२५ मध्ये, व्यावसायिक दर बरेच सैल झाले. म्हणजे पाच वर्षांचा हिशेब मांडताना आजचा दर पाचही वर्षं धरू नका. एका मोठ्या वादळाने तो पुन्हा चढतो.

तुमचा कोट सरप्लस लाइन्स कंपनीचा, म्हणजे राज्याचा नेहमीचा परवाना नसलेल्या पण इथे विमा देऊ शकणाऱ्या कंपनीचा, असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात वाईट काही नाही, पण तीन गोष्टी समजून घ्या. प्रीमियमवर ४.९४ टक्के कर आणि ०.०६ टक्के सेवाशुल्क, मिळून ५ टक्के वर भरावे लागतात, आणि आपत्ती व्यवस्थापन निधीचे ४ डॉलर. कंपनी बुडाली तर फ्लोरिडाचा गॅरंटी फंड तिच्या मागे उभा राहत नाही, म्हणून तिचं आर्थिक मानांकन पाहा. आणि ‘मिनिमम अर्न्ड’ हे कलम वाचा: निदान २५ टक्के प्रीमियम परत मिळत नाही, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा हंगाम पॉलिसीखाली गेला असेल तर वाऱ्याच्या भागातला जवळजवळ सगळाच कंपनी ठेवते. डिसेंबरात रद्द करून उन्हाळ्यात पुन्हा घेऊ, हा हिशेब त्यामुळे जमत नाही. कोणीच घेत नसेल तर सिटिझन्स ही राज्याने २००२ मध्ये उभी केलेली संस्था शेवटचं दार आहे. तिला तूट आली तर ती भरायला राज्यातल्या बहुतेक पॉलिसीधारकांवर, अगदी मोटारवाल्यांवरही, आकारणी होऊ शकते.

तुमच्या स्वयंपाकघराबद्दल एक खास गोष्ट. विकणाऱ्याचं रेस्टॉरंट सँडविचचं असेल आणि तुम्ही कोळशाचा तंदूर लावणार असाल, तर अर्जात ते स्पष्ट लिहा. लाकूड-कोळशावरचा स्वयंपाक आणि तेलातलं तळण यांना विमा कंपनी वेगळं मोजते. गॅसच्या तंदूरला दर बराच सोपा पडतो. हूडखालच्या आग विझवण्याच्या यंत्रणेची दर सहा महिन्यांनी तपासणी आणि नळीतला तेलकट थर काढल्याच्या पावत्या जपून ठेवा. पॉलिसीत ही यंत्रणा चालू ठेवण्याची अट असते, आणि ती मोडली तर आगीचा क्लेम नाकारला जातो. एवढ्या वादळांच्या चर्चेत लोक विसरतात की रेस्टॉरंटं आगीनेही जातात.

वेळापत्रक नीट आखा. एनएफआयपीची नवी पॉलिसी ३० दिवसांनी लागू होते. कर्जाच्या व्यवहाराबरोबर घेतली तर लगेच. वाऱ्याच्या पॉलिसीला तशी मुदत नसते, पण आखातात वादळ दिसू लागलं की कंपन्या नवा विमा देणं थांबवतात, आणि मग बँक क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा अंतिम व्यवहार, करत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अडकून पडलेले सौदे दरवर्षी असतात. जमलं तर क्लोजिंग मे महिन्याच्या आत करा. नुकसान झालं तर कळवायला फार वेळ घेऊ नका: २०२२ च्या डिसेंबरातल्या सुधारणेने मूळ क्लेमची मुदत नुकसानीच्या दिवसापासून एक वर्षावर आणली, पूरक क्लेमला दीड वर्ष. क्लेमचे हक्क ठेकेदाराच्या नावे करून द्यायची जुनी पद्धतही १ जानेवारी २०२३ नंतरच्या पॉलिसींना बंद झाली आहे. वादळानंतर दारात येणाऱ्या छपरवाल्याने तसा कागद पुढे केला तर सही करू नका, आणि त्याचा परवाना व वर्कर्स कॉम्प राज्याच्या वेबसाइटवर तपासा.

डिडक्टिबलची रक्कम कुठून येणार हेही आजच ठरवा. वादळ जाहीर आपत्ती ठरलं तर एसबीए ही संघराज्याची लघुउद्योग संस्था व्यवसायाला २० लाख डॉलरपर्यंत कर्ज देते, आणि फ्लोरिडाचं लहान व्यवसायांसाठीचं तात्पुरतं बिनव्याजी कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं. दोन्ही फेडायची कर्जं आहेत आणि यायला वेळ लागतो. माझ्या ग्राहकांना मी डिडक्टिबलची निम्मी तरी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सांगतो, किंवा बँकेकडून तेवढी क्रेडिट लाइन आधीच मंजूर करून घ्यायला.

आता तुमच्यापुढचं काम. खरेदी करारात तपासणीची जी मुदत मिळते ती आधी विम्यासाठी वापरा, आणि मनासारखा विमा न मिळाल्यास अनामत परत, असं कलम वकिलाकडून घालून घ्या. विकणाऱ्याकडून चार कागद मागा: छताचं परमिट, एलेव्हेशन सर्टिफिकेट (इमारत पूरपातळीच्या किती वर-खाली आहे याचा दाखला), चालू पॉलिसी पूर्ण पानांसकट, आणि मागच्या पाच वर्षांचा क्लेमचा अहवाल, ज्याला इथे लॉस रन म्हणतात. हेलीनमध्ये इमारतीत पाणी शिरलं होतं का आणि दुरुस्तीचं परमिट अंतिम तपासणी होऊन बंद झालंय का, हे शहराच्या इमारत विभागात स्वतः जाऊन पाहा. उघडं परमिट तुमच्या गळ्यात पडतं. मग फ्लोरिडाचं २-२० (मालमत्ता आणि लायबिलिटी विमा विकण्याचं) लायसन्स असलेल्या आणि रेस्टॉरंटचं काम करणाऱ्या दोन स्वतंत्र एजंटांना हेच चार कागद द्या. मात्र दोघांनी वेगवेगळ्या कंपन्यांकडे जायचं हे आधी ठरवून द्या, नाहीतर एकाच कंपनीकडे दोन अर्ज जाऊन दोन्ही अडतात. दोघांकडून २ टक्के आणि ५ टक्के, पुरासह आणि उत्पन्नाच्या विम्यासह, असे लेखी कोट मागा. ते हातात आले की हेलीनसारखी एक रात्र आणि मिल्टनसारखी एक रात्र धरून प्रत्येकात तुमच्या खिशातून किती जाईल ते लिहून काढा. त्या दोन आकड्यांसकट इमारत परवडत असेल तर पुढे जा. नसेल तर किंमत कमी करून मागा. या काउंटीत आता विकणाऱ्यांनाही ही भाषा समजते.